दूरची ओळख आणि नोकरी : लिंक्डइनच्या आधीपासून

गिरणगावात नोकरी लागायची ती मुकादमाच्या हातून. खात्यात माणूस कमी पडला की तो आपल्या गावच्या किंवा नात्यातल्या पोराला गिरणीच्या दारात उभा करी आणि त्याबद्दल दस्तुरी, म्हणजे आपली दलाली, घेई. १९२९ साली नेमलेल्या मजूरविषयक शाही आयोगाने या पद्धतीवर सडकून टीका केली. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतल्या जाणाऱ्या) कामगारांची रीतसर नोंद होऊ लागली आणि मुकादमाचा हात थोडा आखडला. पण कुठे जागा आहे हे ज्याला आधी कळतं त्याच्याकडे सत्ता राहते, हे काही बदललं नाही.

ही माहिती सर्वांपर्यंत पोचावी म्हणून स्वातंत्र्यानंतर सेवायोजन कार्यालयांचं जाळं वाढलं. १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना आणि २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं. जागा कळवायच्या, पण माणूस तिथूनच घ्यायची सक्ती मात्र कायद्यात नव्हती. नाव नोंदवून वर्षानुवर्षं कॉलची वाट पाहणाऱ्या पिढीच्या हालामागे ही फट आहे.

पुढे काही वर्षांनी अमेरिकेत मार्क ग्रॅनोव्हेटर हा तरुण समाजशास्त्रज्ञ बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नोकरी बदललेल्या लोकांना एकच गोष्ट विचारत होता : ही जागा तुम्हाला कुणाकडून कळली? ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ज्यांना सांगणाऱ्याशी किती वेळा भेट व्हायची ते आठवत होतं, त्यांच्यात फक्त १६.७ टक्क्यांचा तो माणूस नेहमीच्या भेटीतला, म्हणजे आठवड्यातून दोनदा तरी भेटणारा होता. ५५.६ टक्क्यांचा अधूनमधून भेटणारा होता आणि २७.८ टक्क्यांचा वर्षातून एकदा किंवा त्याहून कमी. ही टक्केवारी अवघ्या ५४ जणांची, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी १९७३ साली छापलेल्या त्या निबंधातलं कारण पटण्यासारखं आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं. जुना सहकारी किंवा कॉलेजातला मागच्या बाकावरचा मुलगा वेगळ्या वर्तुळात वावरतो, म्हणून नवी बातमी त्याच्याकडे असते.

१९९७ साली भारतात नौकरी डॉट कॉम सुरू झालं. जाहिरात आणि बायोडेटा एका जागी आले, पण त्या कंपनीत आपल्या ओळखीचं कोण आहे हे त्यात दिसत नव्हतं. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सिक्सडिग्रीज ही साइट ओळखीच्या ओळखी पडद्यावर दाखवू लागली. ती टिकली नाही. तिचं पेटंट २००३ मध्ये रीड हॉफमन आणि मार्क पिंकस या उद्योजकांनी ७ लाख डॉलरला विकत घेतलं. हॉफमन यांनी चार सहकाऱ्यांसह सुरू केलेलं लिंक्डइन, म्हणजे नोकरी-धंद्यातल्या ओळखींची साइट, ५ मे २००३ रोजी खुलं झालं होतं. पहिल्या महिन्यात सदस्य होते साधारण ४,५००. जर्मनीत त्याच वर्षी हॅम्बुर्गमध्ये ओपनबीसी हे तसंच जाळं निघालं, ते पुढे झिंग झालं. जर्मन कंपन्यांत नोकरी शोधणाऱ्या मराठी इंजिनिअरांना हे नाव परिचयाचं आहे.

लिंक्डइनचा पाया म्हणजे पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची ओळख : पहिली थेट, दुसरी ओळखीच्याची ओळख, तिसरी त्याच्याही पलीकडची. दुसरी पायरी सर्वांत मोलाची, कारण मधला माणूस दोघांनाही माहीत असतो. २००५ मध्ये नोकरीच्या जाहिराती आणि पैसे भरून घ्यायची सेवा आली. आज कंपनीच्या कमाईचा सर्वांत मोठा भाग भरती करणाऱ्यांकडून येतो. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने २६.२ अब्ज डॉलरला कंपनी घ्यायचं ठरवलं त्यामागे हा धंदा होता. वाढीच्या घाईत चुकाही झाल्या. सदस्यांच्या पत्त्यांच्या यादीतल्या लोकांना पुन्हापुन्हा आमंत्रणाच्या ईमेल गेल्याबद्दलचा खटला २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर देऊन मिटवावा लागला.

भरती करणारा पैसे देतो, म्हणून शोधाची रचना त्याच्या सोयीची आहे. तो पद, कौशल्य, शहर आणि अनुभवाची वर्षं टाकून चाळणी लावतो. नावाखालच्या ओळीत २२० अक्षरं मावतात. तिथे ‘नव्या संधीच्या शोधात’ लिहिलं तर चाळणीत काहीच सापडत नाही. ‘सीएनसी प्रोग्रॅमर, फॅनुक, ५ वर्षं, चाकण’ यातला प्रत्येक शब्द सापडतो. मात्र हे प्रोफाइलवर इंग्रजीत हवं. २०२४ पासून लिंक्डइनची बटणं आणि मेनू मराठीत दिसू शकतात, पण भरती करणारे शोधशब्द बहुतेक इंग्रजीतच टाकतात.

नोकरी शोधत असल्याची ‘ओपन टू वर्क’ ही खूण प्रोफाइलवर लावताना दोन पर्याय येतात. ‘सर्वांना’ निवडलं तर फोटोभोवती हिरवी पट्टी येते आणि साहेबही ती पाहतो. ‘फक्त भरती करणाऱ्यांना’ निवडलं तर आपल्याच कंपनीच्या भरतीवाल्यांपासून ते लपवायचा प्रयत्न होतो, पण त्याची हमी लिंक्डइन देत नाही. नोकरीत असताना प्रोफाइल बदलायचं तर बदलांची सूचना ओळखीच्यांना जाणारा पर्याय आधी बंद करावा.

लिंक्डइनवरूनच झटपट अर्ज पाठवणाऱ्या ‘ईझी अप्लाय’ बटणाने अर्ज सोपा झाला आणि तिथेच त्याची किंमत घसरली. एका जागेवर शेकडो अर्ज पडतात आणि बरेचसे कुणी उघडतही नाही. म्हणून जाहिरात दिसताच बटण दाबण्याआधी त्या कंपनीत दुसऱ्या पायरीवर कोण आहे ते पाहावं. अनेक कंपन्यांत उमेदवाराचा अर्ज आधीच पोर्टलवर गेला असेल तर कर्मचाऱ्याची शिफारस धरत नाहीत. दुसऱ्या पायरीवरच्या त्या माणसाला थेट ‘नोकरी द्या’ म्हणू नये. सामायिक ओळख कोणती, जाहिरातीचा क्रमांक काय आणि एक नेमका प्रश्न, एवढं तीन-चार ओळींत बसतं.

ग्रॅनोव्हेटरचा तर्क मोठ्या प्रमाणावर तपासला गेला तो २०२२ मध्ये. लिंक्डइन सुचवतं त्या ‘तुमच्या ओळखीचे असू शकतात’ या यादीत फेरफार करून पाच वर्षांत केलेल्या प्रयोगांमधली सुमारे २ कोटी सदस्यांची माहिती संशोधकांनी अभ्यासली. अगदी परका माणूस नव्हे आणि अगदी जवळचाही नव्हे, तर साधारण दहाच्या आसपास सामायिक ओळखी असलेला माणूस नोकरी बदलायला सर्वाधिक उपयोगी पडला. संगणकाचा वापर जास्त असलेल्या उद्योगांत दूरची ओळख चालली. कमी असलेल्या उद्योगांत जवळचीच सरस ठरली. म्हणजे हिंजवडीत सॉफ्टवेअरची नोकरी शोधणाऱ्याने जुन्या सहकाऱ्यांचे धागे जपावेत. पण छोट्या फाउंड्रीत किंवा सहकारी साखर कारखान्यात काम हवं असेल तर चांगल्या ओळखीच्या फोरमनला किंवा चीफ केमिस्टला समक्ष भेटणंच अजूनही जास्त उपयोगाचं.