स्टँड अप

जेथ्रो टल या ब्रिटिश रॉक गटाची दुसरी ध्वनिमुद्रिका (१९६९). ब्रिटनमध्ये ती आयलंड आणि अमेरिकेत रीप्राइझ या कंपनीने प्रकाशित केली. ब्रिटिश प्रकाशनाची तारीख काही सूचींत २५ जुलै, तर काहींत १ ऑगस्ट अशी आढळते. ऑगस्टच्या पूर्वार्धातच ती ब्रिटिश विक्रीसूचीत पहिल्या स्थानी पोहोचली असल्याने पहिली तारीख अधिक संभवनीय वाटते.

गटाची पहिली ध्वनिमुद्रिका धिस वॉज (१९६८) मुख्यतः ब्लूजच्या (कृष्णवर्णी अमेरिकनांच्या गीतपरंपरेतून आलेल्या संगीतशैलीच्या) वळणाची होती. गिटारवादक मिक एब्राहम्स यांना तीच वाट पुढे चालू ठेवायची होती. गायक व बासरीवादक इयन अँडरसन यांचा ओढा मात्र लोकसंगीत, जॅझ व अभिजात संगीत यांच्या मिश्रणाकडे होता. डिसेंबर १९६८ मध्ये एब्राहम्स बाहेर पडले आणि त्यांनी ब्लॉडविन पिग हा गट काढला. पुढे ब्लॅक सॅबथ या रॉक गटामुळे प्रसिद्ध झालेले टोनी आयोमी यांनी त्यांच्या जागी अगदी थोडा काळ काम केले व अखेर मार्टिन बार यांची निवड झाली. लोकप्रिय ठरलेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेचा वादक गेलेला, नवा वादक अजून रुळायचा आणि रचनांचा सारा भार एकट्या अँडरसन यांच्यावर, अशा स्थितीत १९६९ च्या वसंतात लंडनच्या मॉर्गन स्टुडिओत बहुतेक ध्वनिमुद्रण झाले. बासगिटार ग्लेन कॉर्निक यांनी व ड्रम क्लाइव्ह बंकर यांनी वाजवले. ‘लुक इन्टू द सन’ या गीतातील बासगिटार मात्र ध्वनिमुद्रक अँडी जॉन्स यांची आहे.

‘अ न्यू डे यस्टरडे’ या पहिल्याच गीतात ब्लूज अजून ठळक आहे. मँडोलिन व बालालायका (रशियन तंतुवाद्य) ही वाद्ये आणि ध्वनिक गिटारची साथ यांतून लोकसंगीताचा रंग येतो. ‘फॅट मॅन’मधील हाताने वाजवलेल्या तालवाद्यांमुळे काही समीक्षक त्यावर भारतीय छाप पाहतात, पण रागाची कोणतीही चौकट तेथे नसल्याने ‘पौर्वात्य छटा’ एवढेच म्हणणे योग्य.

ध्वनिमुद्रिकेतील एकमेव वाद्यरचना ‘बुरे’ ही योहान सेबास्टियन बाख यांच्या ई मायनर सूटमधील (नृत्यरचनांची मालिका; बाख यांच्या रचनासूचीतील क्रमांक बीडब्ल्यूव्ही ९९६) पाचव्या भागावर आधारलेली आहे. हा सूट ल्यूट या बोटांनी छेडायच्या जुन्या युरोपीय तंतुवाद्यासाठी लिहिला गेला, असे दीर्घकाळ मानले जाई. तथापि बाख यांचे समकालीन संगीतकार योहान गोटफ्रीड वाल्टर यांच्या हातच्या नकलेवर दुसऱ्या कोणाच्या तरी अक्षरात ‘लाउटनवेर्क’साठी, म्हणजे तातीच्या तारा लावलेल्या ल्यूटसदृश कळवाद्यासाठी, अशी नोंद आहे. बाख यांच्या मृत्यूनंतर (१७५०) केलेल्या मालमत्तेच्या यादीत अशी दोन वाद्ये होती आणि सूटमधील काही स्वरयोजना ल्यूटवर अवघड जाते. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. रचनाकाल सामान्यतः बाख यांच्या वाइमार या जर्मन शहरातील वास्तव्याचा (१७०८–१७) धरतात.

बुरे हा मुळात फ्रान्समधील नृत्यप्रकार असल्याने त्यातच या ध्वनिमुद्रिकेच्या लोकसंगीताचे मूळ शोधण्याचा मोह होतो. पण ओव्हेर्न्य या मध्य फ्रान्समधील प्रदेशातील ग्रामीण बुरे बहुधा तीन मात्रांची असते, तर दरबारी बुरे दोन मात्रांची. त्यांचा परस्परसंबंध वादग्रस्त आहे. बाख यांची रचना दरबारी घाटाची आहे आणि जेथ्रो टलने तिला जॅझची झुलती लय देऊन मधला भाग उत्स्फूर्त वादनासाठी मोकळा सोडला. अँडरसन बासरी स्वतःच शिकले होते. फुंकताना गुणगुणण्याच्या त्यांच्या पद्धतीवर अमेरिकन जॅझवादक रोलंड कर्क यांचा प्रभाव आहे. त्यांची बोटे ठेवण्याची पद्धत शास्त्रशुद्ध नव्हती. ती त्यांनी पुष्कळ वर्षांनी सुधारली.

‘रीझन्स फॉर वेटिंग’मधील तंतुवाद्यांची योजना डेव्हिड (पुढे डी या नावाने ओळखल्या गेलेल्या) पामर यांची आहे. वेष्टनावरील काष्ठचित्र जेम्स ग्रॅशो यांनी कोरले. मूळ वेष्टन उघडताच चौघा वादकांची कागदी चित्रे उभी राहत.

अमेरिकेत ही ध्वनिमुद्रिका पहिल्या विसांत आली. तिला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणावे की नाही, याबद्दल एकमत नाही. त्या शैलीतील दीर्घ, सलग रचना येथे नाहीत. गटाच्या बाबतीत त्या १९७० नंतरच्या होत. स्टीव्हन विल्सन यांनी नव्याने मिश्रण केलेली आवृत्ती २०१६ मध्ये निघाली. तिच्यात जानेवारी १९६९ मधील स्टॉकहोमच्या मैफलीचे ध्वनिमुद्रणही आहे.