मुकोयोशी : जपानी धातुकारागिरांच्या घरातील दत्तक जावई

मुकोयोशी. मुलीच्या नवऱ्याला मुलगा म्हणून दत्तक घेऊन घराचा वारस करण्याची जपानी प्रथा. जावई सासऱ्याचे आडनाव लावतो, त्या घरच्या पूर्वजांची पूजा चालवतो. भट्टी, हत्यारे, गिऱ्हाइके आणि देणी सगळे त्याच्या नावावर येते. सामुराई व व्यापारी घराण्यांतही ही चाल होती. पण लोहार, ओतारी आणि तलवारीचे साज घडवणारे यांच्या घरांत ती पोटापाण्याशी जास्त घट्ट बांधलेली दिसते.

बापाचे कसब मुलाच्या हातात उतरेलच असे नसते. पोटच्या मुलाचा हात बसत नसेल, तर घराण्याचे नाव घालवण्यापेक्षा मुलीला चांगला शागीर्द पाहणे परवडे. परवान्याचाही प्रश्न होता. एदो काळात (१६०३–१८६८) देशभरच्या बऱ्याच ओताऱ्यांना क्योतोतील मात्सुगी घराण्याकडून परवाना मिळे, आणि शहरी व्यवसायसंघांतील जागा वडिलोपार्जित हक्कासारखी चाले. हे हक्क घराच्या नावाने असत. वारस नसेल तर भट्टी पेटवायची कुणाच्या नावावर, हा साधा हिशेब दत्तकविधानामागे असे.

शागीर्द साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी ओयाकाताच्या, म्हणजे उस्तादाच्या, घरी राहायला येई. पहिली वर्षे पाणी भरण्यात, झाडलोटीत आणि कोळसा कापण्यात जात. तलवारकारांत तर कोळसा शिकायलाच तीन वर्षे लागतात असे म्हणत. चिडाच्या कोळशाचे तुकडे एकसारखे पडले नाहीत, तर आच कुठे चढते आणि कुठे बसते. पगार नसेच, जेवणखाण, कपडे आणि वर्षातून दोनदा, नववर्षानंतर आणि बोनच्या, म्हणजे पूर्वजांच्या सणाच्या, सुमारास, घरी जायला सुट्टी. पोरांच्या पोटाची काळजी मालकीणबाईंकडे, म्हणजे ओकामींकडे, असे आणि घरचा हिशेबही बहुधा त्याच बघत. शागिर्दांतला कोण कामाचा आणि कोण बोलघेवडा, हे त्यांना उस्तादाच्या आधी कळत असावे.

एका छपराखाली वाढलेल्या मुलामुलींचे सूत जुळणे नवलाचे नव्हते. ते उघड होणे मात्र धोक्याचे, कारण शागिर्दाला घालवून देणे उस्तादाच्या हातात होते. मुलाचा हात चांगला असेल तर ते प्रेम, नसेल तर आगळीक. उस्तादाच्या मनात आले की मग नाकोदोला, मध्यस्थाला, बोलावून रीतसर मागणी, भेटवस्तूंची देवघेव असे सगळे पार पडे, आणि आतून ठरलेले लग्न बाहेर ठरवून केलेले दिसे. मुलीला पसंती विचारलीच जाई असे नाही. कित्येक ठिकाणी ती भट्टीबरोबर दिली गेली, हेही नोंदवले पाहिजे. जावयाचेही सगळे सुखाचे नसे. ‘तीन गो कोंडा घरात असेल तरी घरजावई होऊ नये’ अशी म्हण आहे. तीन गो म्हणजे जेमतेम अर्धा लिटर.

स्त्रियांच्या वावराबाबत दोन टोके आढळतात. पश्चिम जपानातील तातारा भट्ट्यांवर, जिथे लोहवाळूपासून लोखंड गाळत, कानायागो या देवतेला बायका खपत नाहीत अशी समजूत होती. देवता स्वतः स्त्री मानली जाते, तरीही. खेड्यातल्या लहान लोहाराला असले सोवळे परवडत नसे. तिथे अनेकदा बायकोच घण मारी. नवरा लहान हातोडीने जागा दाखवी, ती त्याच जागी घण घाली. हातोडी ऐरणीवर वाजली की थांबायचे. या कामात शब्द लागत नाहीत, आणि एकमेकांचा अंदाज चुकला तर बोट जाते.

१८७६ मध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि तलवारीच्या साजावर जगणाऱ्या घराण्यांचे गिऱ्हाईकच संपले. कानो नात्सुओ (१८२८–१८९८) हा लहानपणी एका तलवार-व्यापाऱ्याकडे दत्तक गेलेला कारागीर. त्याने त्याआधीच, १८६८ मध्ये आलेल्या नव्या सरकारच्या नाण्यांचे नक्षीकाम हाती घेतले होते. हिमेजीचे म्योचिन घराणे चिलखते सोडून निखारे उचलायचे चिमटे घडवू लागले, आणि आज ते चिमटे टांगून केलेल्या वाऱ्याच्या घंटांसाठी ओळखले जाते.

१८९८ च्या नागरी कायद्याने घर आणि घरप्रमुख यांना कायदेशीर चौकट दिली; युद्धानंतर १९४७ च्या दुरुस्तीत ती गेली. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रेमविवाहांनी ठरवून केलेल्या लग्नांना मागे टाकले. तरीही प्रौढ जावयाला दत्तक घेणे आजही कायदेशीर आहे. भारतीयांना माहीत असलेले उदाहरण मारुतीशी १९८२ मध्ये करार करणाऱ्या सुझुकी कंपनीच्या ओसामु सुझुकींचे. ते मूळचे मात्सुदा. त्यांचे सासरे शुन्झो हेही सुझुकी घरात असेच आलेले. मोरिओका येथील सुझुकी मोरिहिसा या ओतीव लोखंडाच्या किटल्यांच्या घराण्याचा (स्थापना १६२५) मोटारवाल्या सुझुकींशी संबंध नाही. या घराण्याची पंधरावी ‘मोरिहिसा’ मात्र एक स्त्री झाली. तिचे आडनाव कुमागाई. ‘सुझुकी मोरिहिसा’ हे नाव तिने कारागीर म्हणून धारण केले.