मेथड ॲक्टिंग

मेथड ॲक्टिंग किंवा नुसतं 'मेथड' म्हणजे साधारण १९३० ते १९५० च्या दरम्यान न्यूयॉर्कमध्ये घडत गेलेली अभिनयाची पद्धत, मूळ रशियातलं पण जगभर पोचलं ते अमेरिकन सिनेमामुळे. आपल्याकडे एखाद्या नटाचं कौतुक करताना "भूमिका अक्षरशः जगला" म्हणतात आणि लगेच त्याला मेथडचं लेबल चिकटवून मोकळे होतात, वीस किलो वजन वाढवलं की मेथड, सेटवर कोणाशी बोलला नाही की मेथड. खरं तर मूळ मेथडमध्ये परकायाप्रवेश वगैरे काही नाहीच, उलट दुसऱ्याच्या अंगात शिरण्याऐवजी स्वतःच्याच माळ्यावर चढायचं आणि तिथली जुनी ट्रंक उघडून बसायचं.

सुरुवात रशियन नाट्यदिग्दर्शक स्तानिस्लावस्कीपासून. त्याचं मॉस्को आर्ट थिएटर १९२३-२४ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर गेलं, ते बघून तिथली तरुण नाटकवाली मंडळी वेडी झाली आणि त्यातूनच १९३१ मध्ये न्यूयॉर्कला ग्रुप थिएटर उभं राहिलं. हॅरॉल्ड क्लर्मन, शेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग हे तिघं संस्थापक. यातला स्ट्रासबर्ग म्हणजे मेथडचा गुरुजी.

त्याचा सगळ्यात साधा व्यायाम सांगतो. सकाळचा चहा-कॉफीचा कप हातात आहे असं समजायचं, पण कप नाहीये. आता त्याचं वजन बोटांना कुठे जाणवतं, कपाच्या कानाचा बोटाला चटका बसतो का, वाफ नाकाशी येते तेव्हा डोळे बारीक होतात का, हे आठवून आठवून शरीरात आणायचं. प्यायची ॲक्टिंग करायची नाही, आठवायचं. घरी करून बघा, दोन मिनिटांत कळतं की आपण रोज पितो त्या कपाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही. याच्या पुढची पायरी भावनिक स्मृतीची, म्हणजे रडायचा सीन असेल तर स्वतःच्या आयुष्यातला एखादा जुना प्रसंग, तेव्हाची खोली, वास, आवाज असं एकेक आठवत त्या दुःखापर्यंत जायचं.

इथेच भांडण झालं. ग्रुपमधलीच नटी स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला खुद्द स्तानिस्लावस्कीला भेटली, काही आठवडे त्याच्याबरोबर काम केलं आणि परत येऊन सांगितलं की अहो तो स्वतः आता स्मृतीवर एवढा भर देत नाही, कल्पनाशक्ती आणि नाटकातली परिस्थिती महत्त्वाची म्हणतो. स्ट्रासबर्गने काही ते मानलं नाही. त्यामुळे 'मेथड' ही एकच गोष्ट समजू नये, स्ट्रासबर्गची वेगळी, ॲडलरची वेगळी आणि ग्रुपमधलाच सॅनफर्ड माइझनर तिसराच, तो म्हणायचा समोरच्या नटाकडे नीट लक्ष द्या, बाकी आपोआप होतं.

१९४७ मध्ये दिग्दर्शक एलिया कझान, क्रॉफर्ड आणि रॉबर्ट लुईस यांनी ॲक्टर्स स्टुडिओ ही नटांची कार्यशाळा सुरू केली, पुढे ती स्ट्रासबर्गच्या हातात गेली. गंमत म्हणजे मेथडचा चेहरा म्हणून ज्याचा फोटो सगळीकडे असतो तो मार्लन ब्रँडो स्वतःला ॲडलरचा शिष्य मानायचा, आपल्याला घडवल्याचं श्रेय स्ट्रासबर्गने घेतलं म्हणून त्याला शेवटपर्यंत राग होता.

अभ्यास करायचा तर थिअरीपेक्षा कझानच्या 'ऑन द वॉटरफ्रंट' (१९५४) मधला हातमोजाचा सीन लावावा आणि चार-पाचदा बघावा. ब्रँडो आणि ईव्हा मेरी सेंट पार्कमधून चालतायत, तिचा हातमोजा खाली पडतो, तालमीत तो चुकून पडला होता असं सांगतात. ब्रँडो तो उचलतो, पण परत देत नाही, त्यावरची घाण झटकतो, झोपाळ्यावर बसतो आणि बोलता बोलता तो बारीकसा मोजा स्वतःच्या हातात घालायला लागतो. तिला निघून जायचंय, पण मोजा त्याच्याकडे, कशी जाणार? डायलॉगमध्ये यातलं काहीच नाही. पहिल्यांदा आवाज बंद करून बघितला तर जास्त दिसतं.

दुसरा सिनेमा 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' (१९५१), हाही कझानचाच. यात ब्रँडो, किम हंटर, कार्ल माल्डन हे याच नाटकाच्या न्यूयॉर्कच्या प्रयोगातले आणि व्हिव्हियन ली लंडनच्या रंगभूमीवर नायिकेची भूमिका करून आलेली, दोन शैली एकाच खोलीत कोंडल्यासारख्या. चौघांना ऑस्कर नामांकन, तिघांना मिळालं आणि मिळालं नाही ते नेमकं ब्रँडोला! माझ्या मते लीचं काम कमी लेखलं जातं, तिच्या नाटकीपणामुळेच ब्रँडो जास्त खरा वाटतो.

वजनाची गोष्ट आली 'रेजिंग बुल' (१९८०) पासून, रॉबर्ट डी नीरोने शूटिंग थांबवून सुमारे २७ किलो वाढवले. मेहनत जबरदस्त, पण ती तयारी झाली, स्ट्रासबर्गच्या कपाशी तिचा संबंध लांबचाच.

स्ट्रासबर्गला स्वतःला बघायचं असेल तर 'द गॉडफादर भाग २' (१९७४) मध्ये हायमन रॉथ म्हणून तो आहे, त्याचाच विद्यार्थी अल पचीनोने त्याचं नाव सुचवलेलं. आजारी म्हातारा, अर्धी बटणं उघडी, हळू बोलणारा, आणि तरी भीती वाटते. त्याला सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळालं. पुरस्कार त्याच सिनेमातल्या डी नीरोने नेला, जो शिकला होता स्टेला ॲडलरकडे.