कौटुंबिक हिंसा : वंचिततेची नुसती बेरीज का पुरत नाही?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ मधील अंदाजानुसार, जोडीदार असलेल्या किंवा पूर्वी कधी असलेल्या १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २७ टक्के स्त्रियांनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. अशी हिंसा सर्वच स्तरांत आढळते हे खरे. पण त्यावरून तिच्यातून सुटण्याची वाट सर्वच स्त्रियांना सारखीच खुली असते असे मानणे चूक आहे.

अमेरिकी विधिज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये आंतरछेदिततेची, म्हणजे वंश, लिंग यांसारख्या वंचितता एकमेकींत गुंतून नुसत्या बेरजेपेक्षा वेगळाच परिणाम घडवतात ही, संकल्पना मांडली आणि १९९१ मध्ये ती स्त्रियांवरील हिंसेला लावून दाखवली. अमेरिकेतील १९८६ च्या कायद्यानुसार, तेथील नागरिकाशी नुकताच विवाह करून आलेल्या परदेशी स्त्रीला आधी सशर्त वास्तव्य मिळे आणि दोन वर्षांनी ती अट काढून घेण्यासाठी सामान्यतः पतीसह संयुक्त अर्ज करावा लागे. मारहाण करणाऱ्या पतीला सोडले, तर देशाबाहेर घालवले जाण्याची भीती असे. १९९० मध्ये हिंसापीडितांना संयुक्त अर्जाच्या अटीतून सवलत मिळाली खरी, परंतु त्यासाठी पोलीस, डॉक्टर किंवा समाजसेवी संस्था यांच्याकडील पुरावे लागत, आणि पतीने घराबाहेर कोणाशी संपर्कच ठेवू दिला नसेल, तर असे पुरावे तयारच होत नसत.

आता भाषेचा अडसर यात मिसळून पाहा. केवळ भाषा येत नसेल, तर दुभाषी मिळवता येतो. केवळ वास्तव्याचा हक्क पतीवर अवलंबून असेल, तर सवलतीची चौकशी करता येते. दोन्ही एकत्र आले की कायदा काय म्हणतो हे सांगणारा माणूस बहुधा पतीच उरतो, म्हणजे धमकी देणारा आणि नियम सांगणारा एकच. सांख्यिकीत याला आंतरक्रिया म्हणतात : एका घटकाचा परिणाम किती होईल, हे दुसरा घटक उपस्थित आहे की नाही यावर ठरते. म्हणून दोन्हींचे वेगवेगळे मोजलेले परिणाम नुसते मिळवले, तर एकत्रित परिणामाचा अंदाज चुकतो. अशा कोंडीला ‘नशिबाचे भोग’ म्हणणाऱ्यांना हे ठामपणे सांगायला हवे की येथील प्रत्येक अडसर माणसांच्या नियमांनी उभा केलेला आहे.

क्रेनशॉ यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात, पतीच्या ठार मारण्याच्या धमकीमुळे घर सोडलेल्या एका लॅटिना (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) स्त्रीला पुरेशी इंग्रजी येत नसल्याने निवारागृहाने प्रवेश नाकारला. तिचा मुलगा दुभाषाचे काम करायला तयार होता, पण मुलाला ते करायला लावणे आईवर आणखी अन्याय करणारे ठरेल, असे कारण पुढे केले गेले. या कारणाचा सुटा विचार केला तर तो नियम समंजस वाटतो. दुसरा दुभाषी मात्र निवारागृहाने दिला नाही.

असे अनुभव सर्वेक्षणांतून सहज निसटतात. भाषा, वास्तव्य, अपंगत्व, उत्पन्न अशा निकषांनी नमुना, म्हणजे सर्वेक्षणासाठी निवडलेल्या स्त्रिया, विभागत गेल्यावर प्रत्येक गटात मोजक्याच स्त्रिया उरतात आणि आंतरक्रियेचा अंदाज फार अनिश्चित होतो, त्यामुळे या गटांतील स्त्रिया लोकसंख्येतील त्यांच्या प्रमाणापेक्षा मुद्दाम अधिक संख्येने निवडाव्या लागतात.