इंजिन तापलेले, हीटर मात्र गार

गाडी सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटे झालेली असतात. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधली नेहमीची जागा सोडून लाल पट्ट्याकडे सरकू लागतो आणि त्याच वेळी पूर्ण गरमवर ठेवलेल्या हीटरमधून येणारी हवा कोमट, कधी कधी चक्क गार लागते. इंजिन इतके तापले असेल तर हीटरची हवा चटका बसण्याइतकी गरम यायला हवी, असे कोणालाही वाटेल, आणि ते बरोबरच आहे. निदानाचा सर्वांत उपयोगी धागा या विसंगतीतच सापडतो. दुर्दैवाने या दोन तक्रारी बऱ्याचदा वेगवेगळ्या धरल्या जातात. एकीसाठी थर्मोस्टॅट बदलला जातो, दुसरीसाठी डॅशबोर्ड खोलला जातो आणि मूळ दोष तसाच राहतो.

पेट्रोल किंवा डिझेलच्या बहुतेक गाड्यांतला हीटर स्वतः उष्णता निर्माण करत नाही, तो इंजिनाचीच वाया जाणारी उष्णता वापरतो. इंधनातल्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश ऊर्जा कामी येते, साधारण तेवढीच धुराबरोबर बाहेर जाते आणि उरलेल्यातली बरीचशी इंजिनाभोवती फिरणाऱ्या कूलंटला, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांच्या मिश्रणाला, वाहून न्यावी लागते. वॉटर पंप हे कूलंट इंजिनाच्या ब्लॉकमधून आणि हेडमधून, म्हणजे ब्लॉकवर बसवलेल्या वरच्या भागातून, ढकलतो. तिथून त्याला दोन वाटा असतात. मोठी वाट पुढच्या रेडिएटरकडे जाते आणि तिच्यावर थर्मोस्टॅटचा पहारा असतो. लहान वाट डॅशबोर्डमागे बसवलेल्या हीटरच्या छोट्या जाळीतून फिरून पंपाकडे परत येते. ही जाळी म्हणजे छोटा रेडिएटरच. ब्लोअरची हवा तिच्यातून जाते, तापते आणि आपल्यापर्यंत येते.

बहुतेक रचनांमध्ये हीटरच्या वाटेवर थर्मोस्टॅटचे नियंत्रण नसते, ही गोष्ट इथे महत्त्वाची आहे. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक छोटी डबी असते. साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठरवून दिलेल्या तापमानाला मेण वितळून फुगते आणि झडप उघडते. ही झडप बंद अवस्थेत अडकली, तर रेडिएटरकडे काहीच जात नाही आणि इंजिन तापते; पण हीटरकडे जाणारे कूलंट वाहत असल्यामुळे हीटर सहसा चांगलाच गरम राहतो. झडप उघडी अडकली, तर हीटर कोमट होतो खरा, पण मग इंजिनही नीट तापत नाही आणि काटा खालीच रेंगाळतो. म्हणजे तापलेले इंजिन आणि गार हीटर ही जोडी थर्मोस्टॅटच्या एकट्याच्या दोषाशी जुळत नाही. रेडिएटरच्या पंख्याचेही तसेच आहे. पंखा बंद पडला की गाडी रहदारीत उभी असताना तापते, मोकळ्या रस्त्यावर वेग मिळताच समोरून येणाऱ्या हवेने सावरते आणि या सगळ्या वेळात हीटर नीट चालतो.

मग उरते काय? गरम कूलंट हीटरच्या जाळीपर्यंत पोहोचत नाही, हा सर्वांत संभवनीय निष्कर्ष उरतो, आणि त्याचे सर्वांत सामान्य कारण म्हणजे कूलंट कमी होऊन त्याची जागा हवेने घेतलेली असणे. ठरावीक आकारमानाचे पाणी एका अंशाच्या फरकासाठी जेवढी उष्णता धरते, ती तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजारपट जास्त असते. त्यामुळे नळ्यांत हवा शिरली की उष्णता वाहून नेणारे माध्यमच नाहीसे होते. हवा हलकी असल्याने उंच जागी साठते आणि बऱ्याच गाड्यांत हीटरची जाळी याच उंच जागांपैकी एक असते. शिवाय पंपाचा पंखा द्रव ढकलण्यासाठी घडवलेला असतो. त्याच्या पात्यांपाशी हवेचा फुगा आला की तो नुसता गरगरतो आणि प्रवाह थांबतो. गॅरेजमध्ये यालाच एअर लॉक म्हणतात.

या अवस्थेत काट्यावरही पूर्ण विश्वास ठेवता येत नाही, आणि हे प्रत्येक चालकाला माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला आहे असे गृहीत धरून बसवलेला असतो. तो हवेत किंवा वाफेत उघडा पडला, तर हेडचा धातू भयंकर तापलेला असतानाही काटा अचानक खाली येऊ शकतो. वर चढलेला काटा विनाकारण झपकन उतरला आणि हीटर गारच राहिला, तर इंजिन निवले असे समजून पुढे जाणे धोक्याचे आहे.

तपासणीची सुरुवात इंजिन पूर्ण गार झाल्यावर, कूलंटच्या टाकीतली पातळी पाहून करावी. गरम असताना झाकण उघडू नये, यात कोणताही अपवाद नाही. झाकण आतला दाब वातावरणापेक्षा साधारण १ बारने जास्त ठेवते आणि त्यामुळे निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असलेले मिश्रण १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. झाकण फिरवताच हा दाब सुटतो, उत्कलनबिंदू खाली येतो आणि आतले कूलंट एका क्षणात उकळून अंगावर उसळते. झाकणाचे रबर झिजले असेल तर दाब टिकत नाही आणि कूलंट आधीच उकळू लागते. म्हणून एवढ्याशा भागाकडेही दुर्लक्ष करू नये.

पातळी ठीक असेल, तर इंजिन सुरू करून थोडे तापू द्यावे आणि मग बंद करून, पट्ट्यापासून व पंख्यापासून हात लांब ठेवून, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून आत जाणाऱ्या हीटरच्या दोन होज पाइपना बोट अगदी हलके, क्षणभर लावून पाहावे. दोन्ही सारखेच गरम असतील, तर कूलंट नीट फिरते आहे आणि हीटरचा दोष हवेची दिशा बदलणाऱ्या झडपेत किंवा तुंबलेल्या केबिन फिल्टरमध्ये आहे. मग इंजिन तापण्याचे कारण वेगळे शोधावे लागेल. एक गरम आणि दुसरा गार असेल, तर जाळी गाळाने भरलेली आहे किंवा वाटेतला व्हॉल्व्ह बंद आहे. गळती बुजवण्यासाठी रेडिएटरमध्ये टाकलेली पावडर सर्वांत आधी याच बारीक नळ्यांत अडकते, म्हणून मला तो उपाय कधीच पसंत पडलेला नाही. दोन्ही पाइप गार असतील, तर प्रवाहच नाही. रेस वाढवल्यावर हीटर गरम आणि सोडल्यावर पुन्हा गार होत असेल, तर कूलंट कमी आहे किंवा पंप अशक्त झाला आहे, म्हणजे पात्यांची झीज झाली आहे अथवा पट्टा घसरतो आहे.

कूलंट कमी झाले असेल, तर ते कुठे गेले हा खरा प्रश्न आहे. नुसती भर घालून गाडी पुढे दामटणे म्हणजे आजार अंगावर काढणे होय. होजचे जोड, रेडिएटरच्या कडा आणि पंपाखालचे ओघळ पाहावेत. गाडीत गोडसर वास येत असेल आणि समोरच्या काचेवर आतून चिकट धुके धरत असेल, तर हीटरची जाळीच गळते आहे. बाहेर काहीच दिसत नसेल, तर संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पातळ सीलवर, जातो. सिलिंडरमधल्या जळत्या वायूंचा दाब कूलंटच्या दाबाच्या कितीतरी पट असतो. गॅस्केटला बारीकशी चीर पडली तरी हे वायू कूलंटमध्ये घुसतात, त्याला टाकीतून बाहेर ढकलतात आणि काढलेली हवा पुन्हा पुन्हा भरत राहतात. गार इंजिनाचे झाकण उघडून मग ते सुरू केले आणि रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुड्यांची न थांबणारी माळ दिसली, सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येत राहिली किंवा ऑइल दुधाळ झाले, तर संशय बळावतो. खात्रीसाठी एक साधी रासायनिक चाचणी आहे. रेडिएटरच्या तोंडाशी जमणारी हवा निळ्या द्रावणातून ओढली जाते. त्या हवेत ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल, तर द्रावण आम्लधर्मी होऊन पिवळे पडते. हेड उतरवण्याचा खर्चिक निर्णय घेण्याआधी ही चाचणी करण्याचा आग्रह धरावा.

दोष दुरुस्त झाल्यावर हवा काढण्याचे काम घाईने उरकू नये. भरण्याचे तोंड सर्वांत उंच राहील अशा रीतीने गाडीचा पुढचा भाग चढावर घ्यावा, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा आणि उत्पादकाने सांगितलेले कूलंट हळूहळू ओतावे. हवा काढण्याचा स्क्रू असेल, तर त्यातून बुडबुडे थांबून अखंड धार येईपर्यंत तो उघडा ठेवावा. नंतर इंजिन चालू ठेवून रेडिएटरचा पंखा एकदा लागून बंद होण्याची वाट पाहावी. हीटरची हवा या काळात मध्येच गार, मध्येच गरम येते आणि शेवटचा फुगा निघून गेला की एकसारखी गरम येऊ लागते. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी, कारण राहिलेली हवा रात्रीतून वर येते आणि टाकीतली रेघ बोटभर खाली गेलेली आढळते.

रस्त्यातच काटा चढू लागला, तर एसी बंद करून हीटर आणि ब्लोअर पूर्ण चालू करावेत. गरम हवा आली, तर तेवढी उष्णता इंजिनातून कमी होते आहे आणि सुरक्षित जागा गाठून थांबायला थोडा अवधी मिळतो. हवा गार आली, तर तिथल्या तिथे गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. हेडभोवती कूलंट नसताना ॲल्युमिनियमला वाकायला काही मिनिटे पुरतात.