धोकादायक प्रकल्पांचे सामाजिक परिणाम (कोकण किनारा)

अणुऊर्जा केंद्र, तेलशुद्धीकरण कारखाना, रसायनांची औद्योगिक वसाहत अशा प्रकल्पांत अपघात क्वचित घडतो, पण घडला तर हानी फार मोठी होते. त्यांच्यामुळे परिसरातील लोकांच्या उपजीविकेत, आरोग्यात आणि गावकीतल्या संबंधांत होणारे बदल म्हणजे त्यांचे सामाजिक परिणाम होत. भारतात पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची, म्हणजे प्रकल्पाचे परिसरावर होणारे परिणाम आधीच तपासण्याची, पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली. १९९७ मध्ये तीत जनसुनावणीची अट आली आणि १४ सप्टेंबर २००६ रोजी नवी अधिसूचना लागू झाली. हवा, पाणी व आवाज मोजण्याचे निकष ठरलेले आहेत. मूल्यांकन अहवालातील सामाजिक परिणामांचे प्रकरण मात्र बहुधा जनगणनेचे तक्ते आणि संभाव्य नोकऱ्यांचे आकडे यांवर आटोपते.

कोकणात ही उणीव विशेष जाणवते, कारण येथे बाधित कोण हे सातबाऱ्यावरून ठरते. एका उताऱ्यावर मुंबईकर चाकरमान्यांसह डझनभर सहहिस्सेदारांची नावे असतात. पण पहाटे बंदरावर लिलावात बांगड्याची पाटी घेऊन गावोगाव विकणाऱ्या, उरलेली मासळी खारवून वाळवणाऱ्या बाईचे नाव त्यावर कोठेच नसते. ओहोटीला खाडीत उतरून कालवे व तिसऱ्या हे शिंपले काढणाऱ्या स्त्रियांचेही तेच. त्यांचे उत्पन्न रोजचे, रोखीचे आणि बिननोंदीचे असल्याने ते बुडाले तरी नुकसानीच्या हिशेबात येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांच्या सांडपाण्याने दाभोळ खाडीतल्या मासेमारीवर अवलंबून असलेल्या भोई कुटुंबांची जी ओढाताण झाली, तीत जमीन गेलेली नव्हती, खाडी गेली होती.

राजापूर तालुक्यातील जैतापूर प्रकल्पात, म्हणजे तेव्हाच्या आराखड्यानुसार प्रत्येकी १,६५० मेगावॅटच्या ६ अणुभट्ट्यांच्या नियोजित केंद्रात, हाच प्रश्न उभा राहिला. जमीन माडबन व शेजारच्या गावांची. पण साखरी नाटे येथील मच्छीमारांची धास्ती समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि किनाऱ्यालगत येऊ शकणाऱ्या सुरक्षाबंदीची होती. जपानमधील फुकुशिमा अणुकेंद्राच्या दुर्घटनेनंतर पाचेक आठवड्यांतच, १८ एप्रिल २०११ रोजी, नाटे येथील आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एका मच्छीमाराचा मृत्यू झाला. भीती हाही परिणामच आहे, आणि तिला ‘गैरसमज’ म्हणून बाजूला सारणारे मूल्यांकन अपुरे ठरते.

दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेला कातळसडा, म्हणजे खडकाळ पठार, हाही असाच दुर्लक्षित राहतो. पावसाळ्यात गुरांचा चारा तेथूनच येतो, त्यात मुरलेल्या पाण्यावर खालच्या वाडीची विहीर उन्हाळ्यात तग धरते, आणि राजापूर तालुक्यातल्याच बारसूच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे, म्हणजे खडकात कोरलेल्या आकृत्या, आहेत. तेथील तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षण सुरू झाले, तेव्हा गावकरी, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने, भर उन्हात सड्यावर बसून राहिल्या.

काही परिणाम प्रकल्पाची पहिली वीट बसण्याआधीच सुरू होतात. कुणकुण लागताच दलाल फिरू लागतात, मोबदला घेणारे व न घेणारे अशी भावकी दुभंगते, आणि जमीन राहणार की जाणार हे न कळल्याने घराची डागडुजी लांबते. हापूसचे कलम भरघोस धरायला बरीच वर्षे लागतात. म्हणून अशा गावांत नवी कलमे लावायला कोणी धजत नाही.