‘आइसमन’ गर्विन आणि सॅन अँटोनियोचा संघ

सॅन अँटोनियो स्पर्स म्हटले की 1999 ते 2014 या काळातली एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगची पाच विजेतेपदे आठवतात. पण हा संघ त्या शहरात रुजला कसा, हे पाहायचे तर सत्तरच्या दशकात जावे लागते, आणि तिथे पहिले नाव येते जॉर्ज गर्विनचे.

गर्विनचा जन्म 1952 चा, डेट्रॉइटचा. घरची गरिबी. शाळेचा हॉल झाडून दिला की त्या बदल्यात त्याला तिथे एकट्याने सराव करू देत. पुढे ईस्टर्न मिशिगन विद्यापीठाकडून खेळताना 1972 मध्ये त्याने प्रतिस्पर्ध्याला ठोसा मारला आणि कॉलेजमधला खेळ तिथेच संपला. पाँटिअ‍ॅकच्या एका छोट्या व्यावसायिक संघात असताना एबीए या एनबीएच्या तेव्हाच्या प्रतिस्पर्धी लीगमधल्या व्हर्जिनिया स्क्वायर्सने त्याला हेरले. पुढे मोठा तारा ठरलेला ज्युलियस अर्व्हिंग तेव्हा त्याच संघात होता. संघमालक मात्र कर्जात. आधी अर्व्हिंग गेला, मग 1974 च्या सुरुवातीला गर्विनलाही सुमारे सव्वादोन लाख डॉलरला स्पर्सकडे विकले. लीगने हा व्यवहार अडवायचा प्रयत्न केला. प्रकरण कोर्टात गेले आणि निकाल स्पर्सच्या बाजूने लागला. स्पर्सला डॅलसहून सॅन अँटोनियोत येऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. 1976 मध्ये एबीए गुंडाळली गेली तेव्हा एनबीएने चारच संघ घेतले, त्यात स्पर्स होते. स्क्वायर्स त्याआधीच बुडाले होते. स्पर्सच्या इतिहासात यापेक्षा मोलाची खरेदी मला तरी दिसत नाही.

सहा फूट सात इंच उंची, काटकुळा देह, आणि चेहऱ्यावर घाईचा लवलेश नाही. ‘आइसमन’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले. त्याची खूण म्हणजे फिंगर रोल: बचावपटूंच्या हातांवरून, बोटांच्या टोकांनी अलगद सोडलेला चेंडू. हा फटका त्याच्या आधीही अनेक जण मारत; पण ते रिंगच्या अगदी जवळून. गर्विन तो लांबून मारी.

9 एप्रिल 1978 चा दिवस तर विलक्षण. हंगामाचा शेवटचा सामना. दुपारी डेन्व्हरच्या डेव्हिड थॉम्पसनने 73 गुण केले, त्यामुळे हंगामात दर सामन्यामागे सर्वाधिक सरासरी गुणांचा मान मिळवायला गर्विनला रात्री 58 गुण हवे होते. न्यू ऑर्लिन्समध्ये त्याचे पहिले सहा नेम चुकले. तरी मध्यंतरापर्यंत 53 झाले होते. त्यातले 33 एकट्या दुसऱ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चारपैकी दुसऱ्या भागात! शेवटी 63 गुण झाले आणि सरासरी ठरली 27.22, थॉम्पसनची 27.15. असे चार किताब त्याने मिळवले: 1978, 1979, 1980 आणि 1982.

विजेतेपद मात्र कधीच आले नाही. 1979 मध्ये वॉशिंग्टन बुलेट्सविरुद्ध 3-1 अशी आघाडी हातातून निसटली. ती मालिका जिंकते तर संघ अंतिम फेरीत जाता. 1985 मध्ये त्याला शिकागोला धाडले, तिथे एक हंगाम, मग इटली आणि स्पेन. स्पर्सने त्याचा 44 हा जर्सी क्रमांक 1987 मध्ये सन्मानाने निवृत्त केला आणि 1996 मध्ये तो बास्केटबॉलमधल्या थोरांच्या मानाच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये गेला. खेळ थांबल्यावर तो सॅन अँटोनियोतच राहिला, आणि शिक्षणाची वाट सुटलेल्या मुलांसाठी त्याने तिथे शाळा काढली.